दिवा ड्रायव्हरकडे

३ तारीख, मंगळवार

बोलायचं नाही म्हणून लिहितोय. वही शिकाऊंच्या हजेरीची आहे, रकाने क्लच, गिअर, रिव्हर्स असे आखलेले. घरात दुसरी सापडली नाही.

अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शेजारच्या सीटवर बसून ओरडत आलो म्हणून आज गावभर माणसं नीट गाडी चालवतायत. आणि आता डॉक्टर म्हणतो, आवाजाला विश्रांती द्या. विश्रांती कसली डोंबलाची! सत्तावीस तारखेला स्वरयंत्रच काढणार आहेत. गाठ वाईट निघाली. गळ्याला भोक पाडणार, त्यातून श्वास घ्यायचा, बोलणं कायमचं बंद. हे त्याने आरसा बदलायचाय इतक्या सहज सांगितलं. वर हसला. मला दिलासा द्यायला हसला म्हणे, असं ही म्हणाली. बायकोला सगळ्यांचीच बाजू घ्यायची असते.

आणि तो आमचा गल्लीतला डॉक्टर! आठ महिने खोकल्याचं औषध पाजलं गाढवाने. त्याला जाऊन चार शब्द ऐकवायचे होते, तर ही म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांकडे मी तीनदा नंबर लावला होता. तिन्ही वेळा तुम्ही शिकवणी आहे म्हणून गेलात." हिला जुन्या गोष्टी उकरून काढायची भारी हौस.

दवाखान्यात एक बाई आहेत, आवाज गेलेल्यांना शिकवतात. त्यांनी एक गोष्ट सांगितली. आवाज जायच्या आधी तीनशे वाक्यं वाचून रेकॉर्ड केली तर त्यावरून संगणक तुमचा आवाज तयार करतो. मग फोनवर टाइप कराल ते तो तुमच्या आवाजात बोलतो. "पण माइक चांगला हवा आणि जागा शांत हवी. दिवसाला पन्नासच्या वर वाक्यं नकोत," म्हणाल्या, "तुमचा घसा तेवढंच देईल."

म्हणजे हातात तीन आठवडे. तेवढ्यात आवाज डब्यात भरून ठेवायचा.

५ तारीख

पोरगी आली. बसने. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी सव्विसाव्या वर्षी बसने हिंडते, मला लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते. अठरा वर्षांची होती तेव्हा शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी भर सिग्नलला दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. मागे हॉर्न, मी दुसऱ्या सीटवर. परत स्टिअरिंगला हात लावला नाही तिने. भित्री.

दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. "रजा साठली होती बाबा, रेकॉर्डिंगला मी बसते," म्हणाली. मी म्हटलं, बैस, पण मधे मधे प्रश्न नकोत.

६ तारीख

माइक आणायला गेलो. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बसलेला, घाई नावाचा प्रकार नाही.

"काय रेकॉर्ड करायचंय? गाणं? भाषण?"

"आवाज."

"कुणाचा?"

"माझा. संपत आलाय, लवकर सांगा."

त्याने दोन माइक पुढे ठेवले. पहिला गाणारे हातात धरतात तसला. आत पातळ पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं, भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि तारेत वीज येते. इतकंच. "दणकट आहे. पडला, आपटला, काही होत नाही. पण कानाने जरा मंद. तोंडाशी धरून दमदार बोलावं लागतं." दुसरा जाड, उभा, जाळीचा. आत केसाहून पातळ पडदा, त्याच्यामागे धातूची चकती, मधल्या फटीत वीज भरून ठेवलेली. पडदा एवढासा हलला तरी त्याला कळतं. "हा कुजबुजही ऐकतो. पण पंखा, फ्रीज, शेजाऱ्यांची भांडणं, सगळंच ऐकतो. जागा शांत नसेल तर डोक्याला ताप."

वर्षापूर्वी पहिलाच उचलला असता. तेव्हा माझा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जायचा. आता क्लच घसरतो तसा घसरतो, जोर लावला तरी पुढे जात नाही. दुसरा घेतला. एकेकाळी ज्याच्या आवाजाने लोक गाडी बंद पाडायचे त्याला कुजबुज ऐकणारा माइक घ्यावा लागला. पैसे मोजताना दोनदा चुकलो. राग असणार.

पैसे देऊन निघालो तरी तो मागून बोलतोच आहे. "आणि एक सांगतो, याला पाठ-पोट असतं, म्हणजे..."

"अहो, दुकान सांभाळा," म्हटलं. "मी शिकवायचा धंदा करतो, मला शिकवू नका."

८ तारीख

दोन दिवस फुकट गेले. बैठकीच्या खोलीत बसलो तर फरशीमुळे आवाज हौदात बोलल्यासारखा. फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. मग वरच्या मजल्यावरच्याने खुर्ची ओढली. मी जिन्यात जाऊन ओरडणार तोच पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज वाया जाईल." उभ्या जन्मात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

शेवटी युक्ती मलाच सुचली. गाडी! काचा वर केल्या की आतमध्ये चिडीचूप. सीटच्या गाद्या आवाज पिऊन टाकतात, घुमत नाही. शिकवणीचीच गाडी बंद गोदामांच्या मागे नेऊन लावली. तिथे कुत्रं फिरकत नाही. मी माझ्या सीटवर, जिथे दुसरा ब्रेक आहे तिथे. पोरगी ड्रायव्हरच्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर. माइक दोघांच्या मधे, हातब्रेकच्या मागे, माझ्या तोंडापासून वीतभर.

तिथेही तिचं चालूच. "बाबा, याच्या एका बाजूला छोटा दिवा आहे. ती पुढची बाजू असेल का? तुमच्याकडे करू?"

डोक्यात तिडीक गेली. "दिवे कुणाकडे असतात? पेट्रोलचा दिवा, तेलाचा दिवा, हँडब्रेकचा दिवा, कुणाकडे असतात? ड्रायव्हरकडे! मशीन कोण चालवतंय? तू. चालू आहे की बंद हे तुला दिसायला हवं की मला? एवढी साधी अक्कल नाही?"

"हो बाबा," म्हणाली आणि दिवा स्वतःकडे फिरवून घेतला. तेवढं एक बरं आहे तिचं, समजावलं की ऐकते.

चाळीस वाक्यं झाली.

१० तारीख

ही वाक्यं लिहितं कोण? 'निळ्या टोपलीत सात लिंबं आहेत.' 'झऱ्याच्या काठी छत्री विसरली.' भाषेतले सगळे आवाज यायला हवेत म्हणून अशी लिहितात म्हणे. माझ्या मेल्या आवाजात माझ्यामागे लिंबं मोजली जाणार. पन्नास केली. चार वेळा थुंकी गिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोरीला म्हटलं, पटापट पुढचं वाक्य दाखव, झोपलीस का? माझ्याबरोबर पुटपुटत असते, ओठ हलतात. परीक्षेला ती बसलीय की मी?

१२ तारीख

पन्नास. ती म्हणाली, "बाबा, आवाज जरा लांबून येतोय, एकदा ऐकून बघता?" मी म्हटलं, माझा घसाच लांब निघालाय, तुझ्या यंत्राचा काय दोष. मला नाही ऐकायचं. स्वतःचं मढं कुणी बघतं का? तिने यंत्राचा आवाज वाढवून घेतला.

घरी आल्यावर बाथरूममध्ये गेली ती अर्धा तास नळ सोडून. पाणी काय फुकट येतं?

१४ तारीख

तीनशे पूर्ण. शेवटच्या दोन दिवसांत मर्यादा ओलांडून ऐंशी-ऐंशी केली. संपवून टाकायचं होतं. शेवटची वाक्यं निव्वळ घासल्यासारखी आली. पण झालं. पोरीने सगळं दवाखान्यातल्या बाईंना पाठवलं. मी हिला पाटीवर लिहून दाखवलं, 'आवाज भरून ठेवला.'

१७ तारीख

सत्यानाश.

बाईंचा फोन आला. एकही वाक्य चालणार नाही. आवाज माइकच्या पाठीमागून घेतलाय. अशा माइकला एका बाजूनेच ऐकू येतं, पुढून. मागचं तो मुद्दाम टाळतो, त्याची घडणच तशी. "घरात दुसरं कुणी माइकसमोर बसलं होतं का?" त्यांनी विचारलं. "त्या व्यक्तीचा आवाज फार सुंदर आलाय."

अंगाची लाही झाली. माइक उचलला आणि दुकानात जाऊन काउंटरवर आदळला. बोलता येत नव्हतं, आवाजाची नुसती शिट्टी निघाली. तरी बोललो. त्याने शांतपणे माइक मशीनला लावला. दिव्याच्या बाजूने एक ते पाच म्हटलं. मग माइक फिरवून पुन्हा एक ते पाच. मला ऐकवलं. पहिल्या वेळी कानात बोलतोय असा. दुसऱ्या वेळी रस्त्यापलीकडून.

"मी सांगत होतो हो," म्हणाला. "तुम्ही निघालात."

मारलं असतं मी त्याला. खोटं बोलला असता तर नक्की मारलं असतं.

घरी आलो. पोरगी दारात उभी. मला वाटलं आता म्हणेल, मी विचारलं होतं. त्याला उत्तरही तयार होतं माझ्याकडे. काही म्हणाली नाही. त्याने तर आणखीच डोकं फिरलं. म्हण ना! एकदा तरी म्हण!

१८ तारीख

दुपारी दोघी बाहेर गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. बघू तरी काय आहे ते.

हेडफोन कानाला लावला तर कुठूनतरी लांबून, गोदामाच्या पलीकडून कुणीतरी वसावसा ओरडतंय. शेजारचा वॉचमन असेल म्हटलं. मग 'सात लिंबं' ऐकू आलं. मीच होतो तो.

आणि जवळ, अगदी कानाशी, पोरगी. ती माझ्याबरोबर प्रत्येक वाक्य हळू म्हणत होती. मी अडकलो की ती पुढचा शब्द म्हणायची, मला ऐकू जाणार नाही इतका हळू. कुजबुज ऐकणारा माइक, त्याने सगळं ऐकलं. मी 'झोपलीस का' म्हणून ओरडतो, आणि तिचा श्वास थांबतो. थांबतोच. मी घड्याळ लावलं, चार सेकंद. मग "हो बाबा." पुढे पुन्हा मी काहीतरी ओरडतो, पुन्हा थांबतो. दर वेळी. वाक्य सुरू करायच्या आधी मी नुसता खाकरलो तरी थांबतो.

पाण्यात बुडी मारतात तेव्हा माणसं असा श्वास धरतात. माझ्या शेजारी बसायला तिला तेवढं लागतं.

कुणावर चिडू? माइकवर? कंपनीने दिवा पुढे लावला म्हणून? त्या गाढव डॉक्टरवर? सगळ्यांवर चिडून झालं, उरलं कोण? टेबलावर मूठ आपटली, लागली. फार लागली.

ती आली तेव्हा पाटीवर लिहिलं, 'दिवा माझ्याकडे फिरव.' तिने वाचलं. "पुन्हा करायचं बाबा?" मी मान हलवली. याहून जास्त मला लिहिता आलं नाही. खरं तर जागा होती पाटीवर.

१९ तारीख

बाई म्हणाल्या, तीनशे आता विसरा. घसा सुजलाय, आठ दिवस राहिलेत. तीन दिवस एक शब्द नाही. मग जेवढा आवाज उरेल त्यात रोज लागणारी तीसेक वाक्यं बोलून ठेवा. संगणक त्यातून नवीन काही बनवणार नाही. बोललात तशीच्या तशी बटणावर वाजतील. बस.

उरलेल्या आयुष्याला तीस वाक्यं. यात भागवा म्हणे.

२१ तारीख

यादी केली. ब्रेक. क्लच सोड. आरशात बघ. हळू. पंखा बंद करा. चहा टाक. कोण आहे? नको. किती वेळ?

हिने यादी वाचली. "सगळे हुकूमच आहेत," म्हणाली. मग तिला काय हवं ते पाटीवर लिहून विचारलं. म्हणाली, "दार उघडून आत आलात की 'आलो गं' म्हणता ना, ते." कमाल आहे! बोलायला तीस वाक्यं उरलीत आणि त्यातलं एक 'आलो गं'. दिसतो की मी आलेला! तरी यादीत लिहिलं. 'किती वेळ?' काढलं.

पोरीला विचारलं. ती नखं बघत बसली. मग म्हणाली, "माझं नाव घातलं नाहीत तुम्ही."

खरंच नव्हतं. हिचंही नव्हतं, पण हिला मी कधी नावाने हाक मारलेली नाही. पोरीचं नाव दिवसातून पन्नासदा घेणारा माणूस मी, आणि लक्षात आलं नाही.

२३ तारीख

गाडीत बसलो. गोदामाच्या मागे. दिवा माझ्याकडे. माइक वीतभर, जरा तिरका, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर सरळ पडद्यावर आदळत नाही. हे त्या दुकानदाराने काल फोनवर सांगितलं, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

हुकूम फटाफट झाले. 'ब्रेक' तर असा आला की पोरीचा पाय खरंच ब्रेकवर गेला. हसलो दोघं. 'आलो गं' पहिल्या फटक्यात.

मग तिचं नाव. घेतलं. तिने कान टवकारून ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, नुसती हाक मारा ना. मी काही केलेलं नाही."

पुन्हा मारली. तशीच आली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तीन अक्षरांचं नाव, आम्हीच ठेवलेलं. मधलं अक्षर आलं की माझा आवाज आपोआप चढतो, शेवटी दणका. हॉर्न दाबतो तसा. मला वाटायचं ते नाव असंच म्हणतात. हळू म्हणायचं ठरवलं तर आणखी रागावल्यासारखं आलं. स्वतःच्या पोरीचं नाव मला नीट घेता येत नाही! संताप संताप झाला, आणि तो संताप पुन्हा नावात उतरला. अठ्ठावीस वर्षं लोकांना म्हणत आलो, एवढं साधं जमत नाही का तुला.

आठव्या वेळी आवाज फाटला. नवव्या वेळी घशात काही उरलंच नव्हतं, जोर लावायला जागाच नाही, तेव्हा ते हलकं आलं. बाळ होती तेव्हा पाळण्यावर वाकून म्हणायचो तसं असेल, मला आठवत नाही. अपघातानेच आलं.

पोरगी रेकॉर्डिंग चालू ठेवून दार उघडून बाहेर गेली. गाडीला पाठ टेकून उभी राहिली किती वेळ. बंद तरी करायचं ना! पण ओरडायला आवाज नव्हता. आणि असता तरी, बहुतेक, नसतो ओरडलो.

तिने पहिलं आणि नववं, दोन्ही ठेवली.

२६ तारीख

बॅग भरली. हिने वही घालायची का विचारलं. घाल म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली. भीती वाटते. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही. भयंकर भीती वाटते.

१४ तारीख, पुढचा महिना

घरी येऊन दोन दिवस झाले. गळ्यावर जाळीचं फडकं, त्याखालून श्वास. खोकला आला की तोंडावर हात जातो, आणि खोकला येतो गळ्यातून. चीड येते. सूप गार असलं तर चीड येते, आणि 'सूप गार आहे' हे वाक्य यादीत नाही. आल्यावर दारातच 'आलो गं' दाबलं. हिने पदराने तोंड झाकलं. एवढं काय त्यात.

आज दुपारी पोरगी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला तसं काही नको होतं. नुसती हाक मारावीशी वाटली. फोनवर तिच्या नावाची दोन बटणं. मी नववं दाबलं, हलकं. आली नाही. फोनचा आवाज पूर्ण वाढवून पुन्हा दाबलं. नाही आली. तिसऱ्यांदा दाबलं. ती तिथे गुणगुणत कपडे झटकतेय, मला ऐकू येतंय.

मग पहिलं दाबलं.

हातातला टॉवेल घेऊन धावत आली. "काय झालं बाबा? काय केलं मी?"

पाटीवर लिहिलं, 'आधी तीनदा हाक मारली. ऐकू नाही आली?'

"आली की," म्हणाली. "पण मला वाटलं, बाहेर कुणीतरी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीला बोलावतंय."

बोलून गेली आणि मग तिच्याच लक्षात आलं. टॉवेलची घडी घालत उभी राहिली, तीन वेळा घातली. इतका राग मला माझा आयुष्यात आला नव्हता. तोंडातून काढायला आवाज नाही, म्हणून सगळा आतच फिरत राहिला.

ती समोर असतानाच पहिलं बटण पुसून टाकलं. "बाबा, नको! तोच तर चांगला आलाय, तोच तुमचा खरा आहे," म्हणाली, हात धरला माझा. तोवर गेलं होतं.

आता एकच हाक आहे. तिला सवय नाही, लागेल वेळ. ऐकू नाही गेली तर उठून जाईन तिच्या खोलीपर्यंत. पाय आहेत अजून.